ऑक्टाव्हिया आरएस आणि लॉरा आरएस: फ्लायव्हील व सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) तक्रारी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आणि लॉरा औरंगाबादजवळच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला जुळल्या. त्यामुळे महाराष्ट्रात यांचे आरएस, म्हणजे जास्त दमदार, अवतार अजून बऱ्यापैकी फिरताना दिसतात. पहिली ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बो, १५० पीएस, पाच गिअर. २०११ ची लॉरा आरएस १.८ टीएसआय, १६० पीएस, २५० न्यूटन-मीटर, सहा गिअर. खालची उत्तरं प्रामुख्याने या दोन मॅन्युअल गाड्यांसाठी आहेत. डीएसजीवाल्यांसाठी (दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स) शेवटाकडे थोडं लिहिलंय.

एक गोष्ट आधीच सांगतो. या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून कुठलाही आवाज आला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं: "साहेब, फ्लायव्हील गेलं." कधीकधी ते खरंही असतं. पण फ्लायव्हील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि बिल सहज मोठ्या पाच आकड्यांत जातं. मल्टिमीटर आणि अर्धा तास, एवढ्यात बहुतेक शंका फिटतात. तेवढं केल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका.

ड्युअल-मास फ्लायव्हील म्हणजे नेमकं काय? साधं का लावत नाहीत?

साधं फ्लायव्हील म्हणजे लोखंडाची एक जड तबकडी. ड्युअल-मासमध्ये दोन असतात. एक क्रँकशाफ्टला बोल्टने घट्ट, दुसरीवर क्लच बसतो, आणि दोघींच्या मध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब वाकड्या स्प्रिंगा. चार सिलिंडरच्या इंजिनाची ताकद एकसारखी येत नाही, ठोक्याठोक्याने येते. टर्बोमुळे कमी आरपीएमलाच भरपूर टॉर्क मिळतो, तेव्हा हे ठोके आणखी जोरदार होतात. ते गिअरबॉक्सपर्यंत पोचू न देणं हे त्या स्प्रिंगांचं काम. लूक या जर्मन कंपनीने १९८५ पासून ही फ्लायव्हील्स मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतली आणि आज टर्बो गाड्यांत ती सर्रास असतात.

यात एक मेख आहे. स्प्रिंगा आणि दोन वजनं यांची स्वतःची एक थरथरण्याची लय असते, आणि ती आयडलिंगच्या खाली, काहीशे आरपीएमच्या पट्ट्यात येते. इंजिन सुरू होताना आणि बंद होताना त्या पट्ट्यातून जावंच लागतं. झटकन गेलं तर प्रश्न नाही. पण बॅटरी अर्धमेली असेल किंवा सेल्फ रडतखडत इंजिन फिरवत असेल, तर प्रत्येक वेळी इंजिन त्या पट्ट्यात रेंगाळतं आणि स्प्रिंगा टोकापर्यंत आपटतात. म्हणजे आजारी सेल्फ चांगलं फ्लायव्हील खातो. उलटही होतं: फ्लायव्हीलच्या कडेच्या रिंगचे दात गेले की ते सेल्फचं बेंडिक्स (रिंगमध्ये अडकून इंजिन फिरवणारा दातेरी भाग) खातात. म्हणून या दोन्ही गोष्टी इथे एकाच पानावर घेतल्या आहेत.

चावी फिरवली की नुसतं 'टक्' होतं. सेल्फ गेला का?

आधी आवाज नीट ऐका.

'टक-टक-टक-टक' असा भराभर आवाज आणि डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतात: बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचं टर्मिनल सैल आहे. सोलेनॉइड (सेल्फचा चुंबकी स्विच) ओढला जातो, मोटरला करंट जायला लागला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, पुन्हा ओढला जातो.

एकच दणदणीत 'टक्' आणि मग शांतता: सोलेनॉइड काम करतोय, पण मोटर फिरत नाहीये. आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत, कार्बन (मोटरला करंट देणारे ब्रश) संपलेत किंवा जाड वायरीतून करंट पोचत नाहीये. इंजिनच जाम असण्याची शक्यताही असते. ती पावसाळ्याच्या प्रश्नात येईल.

आवाजच नाही: चावीकडून सोलेनॉइडला येणारा हुकूमच पोचत नाही. इग्निशन स्विच, रिले, काही गाड्यांत क्लच पेडलचा स्विच.

मोटर 'घूंऽऽ' करून मोकळी फिरते, इंजिन ढिम्म: बेंडिक्सचा एकदिशा क्लच घसरतोय किंवा पिनियन (बेंडिक्सचं छोटं दातेरी चाक) पुढे जाऊन रिंगमध्ये अडकतच नाही.

'कर्रर्र' असं दात घासल्यासारखं: पिनियन किंवा रिंग. याचं उत्तर पुढे सविस्तर आहे.

इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फ फिरतच राहिला, तर मात्र विचार करत बसू नका. इंजिन बंद करा, आणि तरी थांबत नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा. कॉन्टॅक्ट चिकटलेत किंवा चावीचा स्विच अडकलाय. काही सेकंदांत मोटर जळते.

बॅटरी नवी आहे, तरी सेल्फ ओढत नाही. आता?

नवी बॅटरी म्हणजे भरलेली बॅटरी असं नाही. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बॅटरीच्या खांबांवरच धरा. आपल्याकडच्या हवेत ते ९.६ च्या खाली जायला नको. गेलं तर आधी बॅटरी भरून पुन्हा तपासा. आकडा ११ च्या आसपास टिकून आहे आणि इंजिन तरी हळू फिरतंय, तर बॅटरी निर्दोष. करंट वाटेत कुठेतरी अडतोय किंवा मोटर आतून थकली आहे.

वाट तपासायची पद्धत अशी. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (क्लँपवर नाही, खांबावर), दुसरी सेल्फच्या ३० नंबरच्या जाड टर्मिनलवर. सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर पॉझिटिव्ह केबल किंवा तिचा सांधा खराब. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी सेल्फच्या धातूच्या अंगावर. इथे ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची (निगेटिव्हची) वायर खराब. तिसरी तपासणी ५० नंबरच्या बारीक टर्मिनलची: सेल्फ मारताना तिथे बॅटरीपेक्षा फार तर व्होल्टभर कमी मिळायला हवं. तिथे सात-आठच मिळत असतील तर दोष स्विच किंवा रिलेच्या बाजूला आहे, सेल्फमध्ये नाही.

या तिन्ही तपासण्या होईपर्यंत सेल्फ खोलू नये. या गाड्यांत अर्थची वायर चॅसिसकडून गिअरबॉक्सकडे येते आणि बहुधा सेल्फच्याच बोल्टवर बसते. बॅटरीच्या खालची जागा, वरून गळणारं ॲसिड, कोकणची हवा. ती वायर वरून ठीक दिसते आणि आत हिरवी पडलेली असते. नवा सेल्फ बसवताना ती जागा आपोआप घासली जाते, नट आवळला जातो, गाडी सुरू होते आणि श्रेय नव्या सेल्फला मिळतं!

सेल्फ गरम इंजिनावर हळू फिरतो. टर्बोच्या उष्णतेमुळे का?

ज्या गाड्यांत एक्झॉस्ट सेल्फला चिकटून जातो तिथे ही तक्रार खरी असते. अमेरिकन व्ही-८ मध्ये तर ती जुनीच आहे. या दोन्ही गाड्यांत टर्बो आणि एक्झॉस्ट मागे, केबिनच्या भिंतीकडे आहे आणि सेल्फ पुढे, बॅटरीच्या खालच्या बाजूला. तेव्हा उष्णतेला दोष देण्याआधी केबल, अर्थ आणि मग सेल्फमधले बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या नळ्या) व कार्बन बघा. बुश झिजले की आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा) एका बाजूला कलतं आणि गरम झाल्यावर घासायला लागतं.

कधी झकास लागतो, कधी 'कर्रर्र' करतो. रोज वेगळंच. का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर कळलं की निदान निम्मं झालं.

चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कुठलातरी एक सिलिंडर कॉम्प्रेशनवर येतो, ते दाबलं जाऊन इंजिन किंचित मागे येतं आणि थांबतं. त्यामुळे ते कुठेही थांबत नाही, साधारण दोनच जागी थांबतं, एकमेकींपासून अर्ध्या फेऱ्यावर. म्हणजे सेल्फचं पिनियन वर्षानुवर्षं रिंगवरच्या त्याच दोन पट्ट्यांवर आदळत राहतं. बाकीची रिंग नवी दिसते आणि तेवढे दोन पट्टे झिजतात. त्यातही एक दुसऱ्यापेक्षा जास्त. इंजिन खराब पट्ट्यावर थांबलं तर 'कर्रर्र', चांगल्यावर थांबलं तर गुपचूप सुरू.

पाहायची पद्धत: बॅटरीची निगेटिव्ह काढा. हे सांगावं लागतं, कारण ३० नंबरचं टर्मिनल चावी बंद असतानाही जिवंत असतं आणि पाना अंगाला टेकला की ठिणग्या उडतात. बॅटरी व तिचा ट्रे काढला की सेल्फपर्यंत हात पोचतो. सेल्फ बाहेर काढा, भोकातून टॉर्च मारा, रिंगच्या एका दाताला खडूने खूण करा. क्रँक पुलीला सॉकेट लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा आणि प्रत्येक दात बघा. दाताची एक कड गोल झालेली असणं चालतं, ती बाजू मुळातच पिनियनला वाट द्यायला तासलेली असते. दाताची उंची किंवा जाडी कमी झालेली, तुकडा उडालेला, कडा दुमडलेल्या असतील तर रिंग गेली.

सगळे दात चांगले निघाले तर सेल्फचं पिनियन बघा. तेही चांगलं असेल तर सेल्फ नीट सरळ बसलाय का, बोल्ट सैल आहे का, कोणी चुकीच्या मॉडेलचा सेल्फ बसवलाय का, हे प्रश्न उरतात.

खराब दातावर थांबली तर गाडी गिअरमध्ये टाकून थोडी ढकलायची, ही युक्ती चालते का?

युक्ती जुनी आणि खरी. इंजिन थोडं फिरतं आणि पिनियनला चांगला दात मिळतो. पण लॉरा आरएसवाल्यांनी पुढचं नीट वाचावं.

१.८ टीएसआय इंजिन टायमिंग चेनवर चालतं. सुरुवातीच्या इंजिनांतला चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) कमकुवत होता, नंतर तो सुधारला. इंजिन बंद असताना त्याला ऑइलचं प्रेशर नसतं, आतल्या खाचांच्या भरवशावरच चेन ताणलेली राहते. त्या खाचांनी दगा दिला आणि इंजिन उलट फिरलं तर चेन सैल पडून दात सोडू शकते. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि फ्लायव्हीलचा खर्च किरकोळ वाटू लागतो.

तेव्हा ढकलायचीच असेल तर इग्निशन बंद, चौथा किंवा पाचवा गिअर, आणि फक्त पुढे, हातभर. मागे कधीच नाही. रिव्हर्समध्ये टाकून पुढे ढकलली तरी इंजिन उलटंच फिरतं. टेन्शनर बदलल्याची खात्री नसेल तर धक्का स्टार्टही टाळा. घाटात किंवा चढावर उभी करताना आधी हँडब्रेक पूर्ण ओढा, गाडीचं वजन त्यावर येऊ द्या आणि मगच गिअर टाका.

जुन्या ऑक्टाव्हिया आरएसच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, त्यांना ही भीती नाही.

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की दोन-तीन सेकंद खडखड येते, मग बंद. फ्लायव्हीलच ना?

बहुधा नाही. लॉरामध्ये ही तक्रार असेल तर आधी चेन आणि टेन्शनर तपासा, आजच. ऑइलचं प्रेशर यायला लागणारे ते दोन-तीन सेकंद आहेत. आवाज कुठून येतोय ते ऐका: चेन क्रँक पुलीच्या बाजूला, फ्लायव्हील गिअरबॉक्सच्या बाजूला. खालच्या टायमिंग कव्हरवरचं छोटं झाकण काढून टेन्शनर जुना की सुधारित ते बघता येतं, आणि चांगल्या स्कॅनरवर कॅमशाफ्ट किती सरकलाय हेही कळतं. या आवाजावर कोणी फ्लायव्हील बदलायला सांगत असेल तर गॅरेज बदला.

मग फ्लायव्हीलच खराब आहे हे गिअरबॉक्स न उतरवता कसं ओळखायचं?

शंभर टक्के नाही ओळखता येत. पण संशय कितपत दाट आहे ते कळतं.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे इंजिन बंद करतानाचा आवाज. चावी बंद केली की शेवटच्या एक-दोन फेऱ्यांत 'धडाड्-धड' असा आवाज गिअरबॉक्सकडून आला, तर स्प्रिंगा ढिल्या झाल्यात. पण नेमका असाच आवाज इंजिनचं किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग फाटलं की येतो. बॉनेट उघडून बघा: बंद होताना इंजिन जागेवर खूप हेलकावलं तर आधी माउंटिंग. ते फारच स्वस्त पडतं.

दुसरी खूण क्लच पेडलची. न्यूट्रलमध्ये आयडलिंगला आवाज येतो आणि पेडल दाबलं की थांबतो: गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, किंवा ठोके न शोषले गेल्याने गिअरचे दात एकमेकांवर वाजतायत. दुसऱ्या शक्यतेत फ्लायव्हील संशयित असतंच. पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होतो: रिलीज बेअरिंग. दोन्ही स्थितींत येतो, आणि वर बंद करताना धडधड: आता फ्लायव्हीलवर पैज लावायला हरकत नाही.

तिसरी: वरच्या गिअरात कमी आरपीएमवर पाय दाबला की बूटाखाली गुरगुर आणि थरथर.

मात्र यातलं काहीही मानण्याआधी इंजिन मिस मारत नाही ना ते तपासा. एक इग्निशन कॉइल कमजोर असेल तर ठोक्यांची लय बिघडते आणि धडधाकट फ्लायव्हीलही खडखडतं. या दोन्ही इंजिनांत कॉइल जाणं ही नवलाई नाही. स्कॅनरवर मिसफायरचे आकडे बघा, प्लग बघा. कॉइल बदलून आवाज गेला, तर वाचलेल्या पैशांत टायर येतात.

इंजिन मस्त फिरतं, पण सुरू होत नाही. सेल्फचा संबंध आहे का?

नाही. सेल्फने त्याचं काम केलं. इंजिन एक-दोन सेकंद सुरू होऊन बंद पडतं आणि इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतो: चावी ओळखली जात नाही. गरम असताना फिरत राहतं, गार झाल्यावर सुरू होतं: क्रँकशाफ्टचा स्पीड सेन्सर संशयित. काही दुसऱ्या गाड्यांत हा सेन्सर थेट फ्लायव्हीलवरच्या खुणा वाचतो. पोर्शा ९४४ हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. तिथे क्लचच्या कामानंतर सेन्सरचं अंतर चुकलं की गाडी सुरूच होत नाही.

रीमॅप (ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं, सॉफ्टवेअर बदलणं) केलंय. मूळ फ्लायव्हील टिकेल?

लॉरा आरएसचे २५० न्यूटन-मीटर साध्या रीमॅपनंतर ३२० च्या पुढे जातात. आकडा एकटा फ्लायव्हील मारत नाही. तो कुठल्या आरपीएमवर येतो आणि तुम्ही पाय कधी दाबता, ते मारतं. सहाव्या गिअरात १३००-१४०० आरपीएमवर, एक्सप्रेसवेच्या चढावर, गिअर खाली न टाकता पूर्ण पाय: यात स्प्रिंगा टोकापर्यंत दाबल्या जातात आणि तशाच आपटत राहतात. याउलट ३००० च्या वर कितीही जोरात चालवा, फ्लायव्हीलची फारशी तक्रार नसते. तिथे आधी क्लच घसरायला लागतो. चांगला ट्यूनर तळाच्या आरपीएमचा टॉर्क मुद्दाम रोखून धरतो. ज्याने "खालपासूनच ढकलते" अशी जाहिरात केली, त्याच्याकडून मॅप घेण्याआधी हे आठवा.

सिंगल-मास किंवा हलकं फ्लायव्हील टाकू का?

जुन्या १.८ टर्बोच्या पाच गिअरच्या गाड्यांत फोक्सवॅगनच्या जी-६० इंजिनाचं एकसंध फ्लायव्हील आणि व्हीआर-६ चा क्लच ही जगभर रुळलेली जोडी आहे. मजबूत आहे, फ्लायव्हीलच्या कटकटीतून कायमची सुटका होते. लॉरासाठीही तयार संच मिळतात.

हलक्या फ्लायव्हीलचा फायदा पहिल्या-दुसऱ्या गिअरात जाणवतो. इंजिन चटकन चढतं, चटकन उतरतं, गिअर खाली टाकताना आरपीएम जुळवायला मजा येते. वरच्या गिअरात फरक जवळजवळ संपतो. किंमत म्हणून आयडलिंगला गिअरबॉक्समधून खडखड येणार, आणि ती दोष नसून स्वभाव असते. क्लच प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगा असलेलीच प्लेट हवी. एकसंध फ्लायव्हीलवर बिनस्प्रिंगची प्लेट म्हणजे सगळे ठोके थेट गिअरच्या दातांवर. खूपच हलकं फ्लायव्हील असेल तर ईसीयूला आयडलिंगचे चढउतार मिसफायर वाटू शकतात आणि चेक-इंजिनचा दिवा लागतो.

माझं मत विचाराल तर ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत जरूर टाका. हिंजवडी-कोथरूड रोजच्या रांगेतल्या गाडीत नको. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला काच खाली करायला सांगून "साहेब, गिअरबॉक्स गेलाय" सांगेल, आणि दर वेळी समजावत बसाल.

फ्लायव्हील लेथवर घासून किंवा वेल्डिंग करून चालेल का?

एकसंध फ्लायव्हील घासता येतं, मर्यादेत. पायरी असलेलं असेल तर दोन्ही पातळ्या सारख्याच उतरवायच्या. त्याची रिंगही बदलता येते: जुनी ठोकून काढायची, नवी भट्टीत सगळीकडून सारखी तापवायची आणि गार फ्लायव्हीलवर बसवायची. गार झाली की ती आवळून बसते. गॅसच्या ज्योतीने एकाच जागी लाल करणारा कारागीर दातांचं पाणी उतरवतो. तासलेली कड सेल्फचं पिनियन ज्या बाजूने येतं तिकडे हवी. उलट्या बसवलेल्या रिंगही पाहिल्यात.

ड्युअल-मास घासायचं नसतं, धुवायचंही नसतं. पाण्याच्या किंवा डिझेलच्या फवाऱ्याने आतलं ग्रीस जातं. दोन्ही तबकड्या वेल्ड करून 'सिंगल' करून देणारे आहेत. त्या गोष्टीचा तोल कोण साधणार? ६००० आरपीएमवर तुमच्या पायांपासून हातभर अंतरावर ती फिरत असते. नको.

गिअरबॉक्स उतरवल्यावर फ्लायव्हील कसं तपासायचं, आणि सोबत काय काय बदलायचं?

मागची तबकडी दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवा. थोडा मोकळा प्ले, मग स्प्रिंगचा विरोध, सोडल्यावर परत येणं: ठीक. किती प्ले चालतो याची मर्यादा प्रत्येक पार्ट नंबरला वेगळी असते, ती कंपनीच्या तक्त्यात बघायची. विरोधच नसेल, किंवा फिरवताना आत काही खुळखुळत असेल, तर संपलं. पुढे-मागे डुलण्याचीही मर्यादा असते. कडेने काळं ग्रीस बाहेर आलेलं, पृष्ठभागावर निळे डाग आणि तडे: संपलं. हाताला चांगलं लागलं म्हणजे चांगलंच असं मात्र नाही. हाताची ताकद त्या स्प्रिंगांना काहीच नाही.

सोबत क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग बदलाच. स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या आत बेअरिंगलाच जोडलेला असेल तर तोही. मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही. क्रँकचं मागचं ऑइल सील नीट बघा. लॉराच्या इंजिनात ब्रीदरचा (इंजिनातल्या वायूंना वाट देणारा) पीसीव्ही व्हॉल्व्ह गेला की आत दाब चुकतो आणि हेच सील शिट्टी मारतं किंवा गळतं. तो व्हॉल्व्ह न बघता नुसतं सील बदललं तर नव्या क्लचवर ऑइल येईल.

फ्लायव्हीलचे बोल्ट नवे. ते ठरलेल्या टॉर्कनंतर ठरलेल्या कोनात आवळायचे असतात, एकदा ताणले गेलेले पुन्हा वापरायचे नसतात. एअर गनने नाही, टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने. स्प्लाइनवर (गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या खाचांवर) ग्रीस नखावर मावेल इतकंच. जास्त लावलेलं प्लेटवर उडतं.

क्लचचं काम झालं आणि आता सेल्फच नीट घेत नाही. आधी ठीक होता.

अर्थची वायर. जोडायची राहिली किंवा रंगावर जोडली. सेल्फ शेकडो अँपिअर मागतो. अर्थ नसेल तर तो करंट मिळेल त्या वाटेने परततो, गिअरच्या केबलमधूनसुद्धा. त्या केबलला हात लावून बघा, गरम लागली तर गुन्हेगार सापडला. वायर नीट असेल तर मग सेल्फ कलता बसलाय का, मधली मार्गदर्शक पिन किंवा पत्रा बसवायचा राहिलाय का ते बघा.

सेल्फ दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन असेल तर दुरुस्ती. कार्बन, बुश, बेंडिक्स, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट एवढ्यात बहुतेक सेल्फ परत उभे राहतात. आर्मेचर जळलं असेल तर नवा. दुसरा सेल्फ घेताना पिनियनचे दात मोजा, नाकाची लांबी ताडून बघा. मॅन्युअल आणि डीएसजीचा सेल्फ सारखा असेलच असं नाही.

आणि हातोड्याने ठोकून सुरू करण्याची सवय सोडा. जुन्या सेल्फमध्ये गुंडाळी असायची, ठोकल्याने कार्बन जागेवर यायचा. आताच्या सेल्फमध्ये चुंबकं चिकटवलेली असतात, ती तडकतात.

सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा.

डीएसजी गाडीत काही वेगळं?

फ्लायव्हील तिथेही ड्युअल-मासच. २३० पीएसच्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी आहे. आयडलिंगला खुळखुळ आणि बंद करताना धड, या खुणा त्याच. क्लच पेडलची चाचणी अर्थातच नाही. सेल्फला हुकूमच मिळत नसेल तर ब्रेक पेडलचा स्विच आणि गिअर लिव्हरचा पी-एनचा (पार्क-न्यूट्रलचा) सिग्नल आधी बघा. धक्का स्टार्ट होत नाही, प्रयत्नही करू नका.

पाण्यातून गेल्यावर गाडी बंद पडली. सेल्फ एकदाच 'टक्' करतो.

पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. टोइंग बोलवा, स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवून बघू द्या. इंजिन मोकळं निघालं तर सेल्फ खोलून वाळवा, कारण तो खाली असतो आणि पाणी आधी त्यालाच गाठतं.

पावसाळ्यात महिना-महिना उभ्या गाडीत क्लच प्लेट गंजामुळे फ्लायव्हीलला चिकटते. पेडल दाबलं तरी गिअर पडत नाही. त्यासाठी लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. इंजिन गरम करा, बंद करा, मोकळ्या जागेत दुसऱ्या गिअरात टाकून क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा, आणि ॲक्सिलरेटर सोडून-दाबून हलके झटके द्या. बहुतेक वेळा सुटते. ज्या गाडीच्या टायमिंग चेनची शंका आहे तिथे मात्र हा प्रयोग गॅरेजवर सोडा.

वापरलेली आरएस बघायला चाललोय. काय तपासू?

मालकाला आधीच सांगा की इंजिन गार हवंय. गेल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. पहिली सुरुवात बॉनेट उघडं ठेवून, तुम्ही बाहेर. चेनची खडखड तिथेच कळते. मग वीसेक मिनिटं चालवा, तिसऱ्या-चौथ्या गिअरात १५०० पासून पाय दाबून गुरगुर ऐका. परत येऊन इंजिन चार-पाच वेळा बंद-चालू करा, प्रत्येक वेळी बंद होतानाचा आवाज ऐका आणि सेल्फ प्रत्येक वेळी सारखाच घेतो का बघा. क्लचचं काम झालंय म्हणत असेल तर बिल मागा, आणि त्यात फ्लायव्हील, त्याचे बोल्ट व मागचं सील यांच्या ओळी आहेत का ते वाचा. फक्त 'क्लच सेट' लिहिलं असेल तर फ्लायव्हील मूळचंच आहे असं धरून भाव बोला.